पट्टायाला घरच्यांना घेऊन जावं का? माझं मत: जावं, पण पॅकेज सोडून

समुद्रवेडी

थायलंडमधल्या पट्टायाचं नाव काढलं की आपल्याकडे चर्चा बार आणि नाईटक्लबच्या वॉकिंग स्ट्रीटवर सुरू होते आणि तिथेच संपते. जाऊन आलेली बरीच मंडळीसुद्धा तेवढंच बघून येतात, कारण टूरवाला तेवढंच दाखवतो. सकाळी स्पीडबोटीने 'कोरल आयलंड', दुपारी इंडियन लंच, वाटेत रत्नांचं दुकान, रात्री एक शो. माझं स्पष्ट मत आहे की हे शहर आईवडिलांना आणि मुलांना घेऊन बघण्यासारखं आहे, फक्त पॅकेजच्या बसमधून ते दिसत नाही.

पहिला मान शहराच्या उत्तरेकडच्या नाकलुआ भागातल्या लाकडी वास्तूला, सँक्चुअरी ऑफ ट्रुथला. लेक विरियाफान या उद्योगपतींनी १९८१ साली काम सुरू केलं. २००० साली ते गेले, पण काम आजही चालू आहे. उंची शंभर मीटरच्या वर, सगळं लाकूड, आणि सांधे खाचा-खुंट्यांनी बसवलेले. आत जाताना डोक्यावर हेल्मेट चढवायला लावतात, कारण वर कारागीर काम करत असतात. थाई, ख्मेर, चिनी आणि भारतीय अशा चार परंपरांची दालनं आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेश आणि गणपती आपले ओळखीचेच, त्यामुळे आजी-आजोबांना गाईड लागत नाही. मी सगळ्यात जास्त वेळ रमले ती समुद्राकडच्या बाजूला. खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने तिथलं लाकूड राखाडी पडून भेगाळतं. मग खराब झालेला भाग काढून नवा कोरून बसवतात. एका मूर्तीचा खांदा जुना, राखाडी, आणि कोपरापासून पुढचा हात ताजा, पिवळसर, छिन्नीच्या खुणा अजून दिसतायत असा. खाली आवारात बायका-पुरुष ओळीने बसून पुढचे तुकडे कोरत असतात. मुलांना तिथून हलवणं कठीण जातं.

कोह लार्नला, म्हणजे त्याच 'कोरल आयलंड'ला, बाली हाय धक्क्यावरून साधी लाकडी फेरीबोट जाते. तिकीट ३० बाटच्या आसपास, वेळ पाऊण तास. स्पीडबोटीत हाडं खिळखिळी होतात, या बोटीत म्हातारी माणसंसुद्धा आरामात बसतात. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा, कारण ती संध्याकाळी लवकरच सुटते.

शहरात फिरायला निळ्या सॉन्गथ्यू, म्हणजे मागे दोन बाक असलेल्या पिकअप. ठरलेल्या रस्त्यावर फिरत असतात. हात करायचा, बसायचं, उतरायचं असेल तिथे घंटी दाबायची आणि खाली येऊन ड्रायव्हरला १० बाट द्यायचे (लांब पल्ला असेल तर थोडे जास्त). चढताना 'कितना?' विचारलंत की ती तुमच्यासाठी खास गाडी झाली, मग भाव शेकड्यात.

दक्षिणेला खाओ ची चानचा डोंगर. राजा भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून १९९६ साली उभ्या कड्यावर लेसरने आखून शंभर मीटरहून उंच बुद्ध कोरला आणि रेषा सोन्याने भरल्या. सकाळी जा, बसचे लोंढे यायच्या आत. जवळच वाट यानसंगवरारामचा शांत परिसर आहे.

कोणाचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

सांगलीकर

वेगळंच आहे. मी खतांच्या डीलरांच्या सहलीतून पट्टाया पाहिलं आहे. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी नेते, हे आमच्या धंद्यात जगजाहीर आहे. तुम्ही सांगितलेल्या जागा चांगल्या असतील. पण माणूस दिवसभर डोंगर आणि देऊळ बघत नाही. संध्याकाळी तो हॉटेलातून बाहेर पडतो, आणि बीच रोडवर पाय ठेवला की समोर काय येतं हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या आईला आणि आठवीतल्या मुलीला घेऊन मी त्या रस्त्यावरून चालणार नाही.

हे शहर वाढलंच त्या धंद्यावर. कोळ्यांचं लहानसं गाव होतं. १९५९ साली कोरातच्या तळावरचे अमेरिकन सैनिक सुट्टीला इथे आले तिथून सुरुवात झाली, असं तिथले लोकच सांगतात. पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं, जवळच्या उ-तापाओ हवाई तळावरून अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं उडू लागली आणि सैनिकांच्या विरंगुळ्याची सोय म्हणून बार उभे राहिले. पायाच तसा घातला गेलाय. थायलंडला समुद्राची काय कमी आहे? खाडीच्या पलीकडे हुआ हिन आहे, दक्षिणेला क्राबी आहे. तेवढ्याच रजेत तिथे जा की.

आणि जेट स्कीबद्दल एक अक्षर नाही तुमच्या लेखात. परत आणून दिली की जुना ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात. आमच्यातल्या दोघांना असंच अडवलं होतं, पासपोर्ट तारण ठेवून घेतलेला असल्यामुळे तोंड उघडायची सोय नाही.

समुद्रवेडी

जेट स्कीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. घेऊच नये, आणि पासपोर्ट तर कोणाच्याही हातात देऊ नये.

बाकी पटत नाही. तुम्हाला जिथे उतरवलं तो भाग म्हणजे अख्खं शहर नव्हे. नाकलुआ, प्रातुमनाक किंवा जोमतिएनला राहा. शनिवार-रविवारी जोमतिएनच्या वाळूत बँकॉकची कुटुंबंच्या कुटुंबं चटया टाकून बसलेली असतात, आजी, नातवंडं, भाताचे डबे. बँकॉकहून गाडीने दोन-अडीच तासांवरचा समुद्र म्हणून ती येतात. त्यांना जे शहर चालतं ते आपल्याला का चालू नये? हुआ हिन छानच आहे, पण तिथे ते लाकडी शिल्प नाही.

मुक्ता_न

तुम्हा दोघांच्याही मांडणीला माझा विरोध आहे.

सांगलीकर म्हणतात, आईला आणि मुलीला ते दिसू नये. समुद्रवेडीताई म्हणतात, तो रस्ता टाळला की शहर सुंदर. दोघांच्याही बोलण्यात त्या रस्त्यावरच्या बायका म्हणजे देखावा बिघडवणारी वस्तू. त्यांतल्या कितीतरी जणी इसानच्या आहेत, ईशान्येकडच्या कोरडवाहू भातशेतीच्या भागातल्या. घरी म्हातारे आईबाप, मूल आजीपाशी, आणि दर महिन्याला पैसे पाठवायचे. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय कायद्याने गुन्हाच आहे, १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे कोणी मारहाण केली, पैसे बुडवले, तरी पोलिसांकडे जायचं धाडस यांनीच करायचं आणि अडकायचंही यांनीच.

सांगलीकर, तुम्ही सैनिकांचा इतिहास सांगितलात. ते सैनिक परत गेल्याला पन्नास वर्षं होत आली. आज त्या रस्त्यावर हिंदी-पंजाबी गाणी लावणारे क्लब आहेत, ते कोणासाठी? डीलर टूर कुठल्या गावांतून जातात? पाया अमेरिकनांनी घातला असेल, वरचे मजले आपण चढवतोय. मुलीला काय दिसेल याची काळजी वाटते, तशीच तिथे नेणाऱ्या कंपनीला 'आम्हाला दुसरीकडे न्या' असं डीलरांनी कधी सांगितलंय का? मी हे मनापासून विचारते आहे.

सांगलीकर

मुक्ताताई, प्रश्न रास्त आहे. आमच्या ग्रुपमध्ये दोन-चार जण दरवेळी बोलतात, बहुमत होत नाही. त्या बायकांना मी वस्तू म्हटलेलं नाही. पण तुमच्या बोलण्यावरून तर जाऊच नये हे माझं म्हणणं पक्कं होतं.

मुक्ता_न

नाही होत. न जाण्याने इसानच्या घरात भात शिजत नाही. जा, नाकलुआतल्या छोट्या खाणावळीत जेवा, मसाज घ्या. २०१९ साली युनेस्कोने थाई मसाजला मानवी वारशाच्या यादीत घेतलंय, ती शिकलेल्या हातांची विद्या आहे. त्या बाईकडे बघून डोळे मिचकावू नका, टिप हातात द्या. आणि आठवीतली मुलगी विचारेल तर तिला खरं सांगा.

टिफनीच्या शोलासुद्धा, म्हणजे ट्रान्सजेंडर कलाकारांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमालासुद्धा, हेच लागू. १९७४ पासून तो रंगमंच उभा आहे. कपडे, नाच, तालीम सगळं अव्वल. शो संपल्यावर कलाकार बाहेर फोटोला उभ्या राहतात आणि त्याचे पैसे घेतात, ती त्यांची कमाई आहे. आपले लोक तिथे कमरेत हात घालतात, 'असली है क्या' म्हणून हसतात. मी ऐकलंय ते, माझ्या शेजारी उभं राहून.

हत्तीप्रेमी

समुद्रवेडी यांनी नोंग नूच बागेचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९८० साली उघडलेली प्रचंड बाग, सायकस जातीच्या झाडांचा संग्रह जगात नावाजलेला. वनस्पतींची आवड असेल तर पूर्ण दिवस कमी पडेल. पण तिथला हत्तींचा कार्यक्रम बघू नका आणि आसपास कुठेही हत्तीवर बसू नका. हत्ती चित्र काढतो, फुटबॉल खेळतो, ते लहानपणी आईपासून तोडून, अंकुशाच्या धाकाने शिकवलेलं असतं. मुलांना टाळ्या वाजवायला लावण्यासारखं त्यात काही नाही.

सांगलीकर

हत्तीचं म्हणाल तर दुसरी बाजूही आहे. १९८९ साली थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली आणि ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका दिवसात बेकार झाले. हत्तीला रोज दीड-दोनशे किलो चारा लागतो. पर्यटक नसते तर माहुतांनी तो कुठून आणायचा?

हत्तीप्रेमी

चारा पर्यटकांच्याच पैशातून येऊ दे, त्याला ना नाही. पण नाचवण्याची अट कशाला? हत्तीला मोकळं चरू देणारी, लांबून बघू देणारी केंद्रं थायलंडमध्ये आहेत, लोक तिथेही तिकीट काढतातच. ज्याला मागणी त्याचं दुकान चालतं, म्हणून मागणी बदला म्हणतोय.

दर्यावर्दी

कोणीच पाण्याबद्दल बोलत नाही, म्हणून लिहितो. मालवणचा आहे, लहानपणापासून पाण्यात आहे.

पट्टायाच्या मुख्य किनाऱ्यावर पोहायला जाऊ नका. ती वाळूसुद्धा बाहेरून आणून टाकलेली आहे. किनारा झिजत चालला होता म्हणून २०१९ च्या सुमाराला भराव घालून रुंद केला, आणि मोठ्या पावसात शहरातलं पाणी तीच वाळू कापत समुद्रात येतं. कोह लार्नचं पाणी स्वच्छ आहे, पण तावेन किनाऱ्यावर दुपारी उभं राहायला जागा नसते. सामे किंवा तिएनला जा. बेटावरच्या कचऱ्याचा प्रश्न मोठा आहे, त्यामुळे नेलेल्या बाटल्या आणि पाकिटं परत आणा. डोक्यावर हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, तो प्रकार टाळा. तिथे रोज शेकडो पावलं पडतात, प्रवाळ कुठून राहणार?

डायव्हिंगचं लायसन्स असेल तर मात्र पट्टायाला नावं ठेवू नका. थाई नौदलाने २००३ साली कोह फाईजवळ आपलं 'ख्राम' हे जहाज मुद्दाम बुडवलं, माशांना घर व्हावं म्हणून. तीसेक मीटर खाली आहे. पाणी गढूळ असतं हे खरं, पण जहाजाचा आकार अंधारातून हळूहळू समोर येतो तेव्हा गढूळपणाचं काही वाटत नाही.

खादाड_मावशी

इंडियन लंचवर कोणी तरी बोललं पाहिजे! दोन दिवस पनीर बटर मसाला खाऊन परत येणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाकलुआला लान फो नावाचा मासळी बाजार आहे, समुद्राला लागून. निळसर खेकडे, कोळंबी, माकूल, तिसऱ्या, सगळं टबात जिवंत नाहीतर बर्फावर. किलोने घ्यायचं आणि शेजारीच निखाऱ्यांवर भाजून देणारे असतात, त्यांना थोडे पैसे दिले की झालं. सोबत हिरवी चटणी मिळते: मिरची, लसूण, कोथिंबिरीची मुळं, लिंबू आणि माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस. आमच्या रत्नागिरीच्या वहिनींनी ती बोटाने चाटून संपवली. मागच्या बागेत चटई टाकून जेवा.

शाकाहारींनी 'जे' हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, ते दिसलं की तिथे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. जैन मैत्रिणीची सोय तिथेच झाली. एरवी 'व्हेज' म्हटलं तरी माशाचं पाणी पडतंच. कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबीही असते, सांगून काढायला लावा.

सांगलीकर

नाकलुआला राहायचं आणि तिथेच जेवायचं असेल तर बायकोशी बोलून बघतो. आईला मात्र नेणार नाही, ते मत कायम. एप्रिलमध्ये मुलीची शाळा सुटते, तेव्हा बरं पडेल का? व्हिसाचं काय?

समुद्रवेडी

एप्रिल नको. उकाडा असह्य असतो, आणि सोंगक्रानचा पाण्याचा सण बाकी थायलंडमध्ये आटोपला तरी पट्टायात १९ एप्रिलला 'वान लाय'ला पुन्हा जोरात होतो. त्या दिवशी किनाऱ्याजवळचे रस्ते बंद, कोरडं कोणी घरी जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर पावसाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, म्हणजे दिवाळीची सुट्टी नाहीतर नाताळ.

व्हिसाशिवाय प्रवेश २०२३ च्या नोव्हेंबरपासून सुरू झाला, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या साईटवर बघा. मे २०२५ पासून तिथे पोहोचण्याच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो, तो फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आणि ग्रुपमध्ये कोणी ई-सिगारेट ओढत असेल तर ती घरीच ठेवायला सांगा, तिथे बंदी आहे.

आईंबद्दल एवढंच म्हणेन की एकदा त्यांनाच विचारा.