मदत हवी आहे: सामन्यानंतरचे मद्यपान आणि कबड्डीपटू भावाचा घटलेला दम

सर्वांना नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या संघातून तो गेली नऊ वर्षे कबड्डी खेळतो आणि चढाई हा त्याचा हातखंडा आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रकाशझोतातील स्पर्धा सुरू होतात त्या थेट मे महिन्यापर्यंत चालतात, आणि एकेका रात्री दोन-तीन सामने झाल्यावर, जिंकले तरी आणि हरले तरी, सगळा संघ ‘बसतो’. भाऊ रोज पीत नाही, त्याने घरी कधी आरडाओरडा केलेला नाही, कामावर दांडीही मारत नाही. म्हणूनच घरात कोणालाही यात काही वावगे वाटत नाही. मला मात्र गेल्या दोन हंगामांत त्याच्या खेळात पडलेला फरक स्पष्ट दिसतो.

पूर्वी मध्यंतरानंतरही तो निदान रेषा (प्रत्येक चढाईत ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडून, बोनस घेऊन, पकड बसण्याआधी मध्यरेषेकडे झेपावत असे. आता पूर्वार्धात तो तसाच खेळतो, पण उत्तरार्धात तिसऱ्या-चौथ्या चढाईलाच त्याचे पाय जड होतात आणि परतताना घोटा पकडीत सापडतो. वजनही ७८ वरून ८३ किलोंवर गेले आहे. पुरुष गटाची मर्यादा ८५ किलोंची असल्यामुळे निवड चाचणीच्या वेळी तेही आडवे येईल, अशी भीती वाटते.

डिसेंबरपासून मी पहाटे, तो अंथरुणात असतानाच, त्याच्या नाडीचे ठोके मोजून वहीत लिहितो. मनगटावर बोटे ठेवून मी घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजतो. आता सवयीने तो झोपेतच हात पुढे करतो. एरवी हा आकडा ५६ ते ६० असतो, पण ‘बसल्या’नंतरच्या पहाटे तो ७४ ते ७८ भरतो आणि पूर्ववत व्हायला दोन दिवस लागतात. जानेवारीत त्याचा घोटा मुरगळला, त्यावर बर्फ लावला, पण त्याच रात्री त्याने मद्यही घेतले. सकाळी पाय एवढा सुजला होता की चप्पल चढत नव्हती. अलीकडे एकदा रात्री छातीत धडधडते, असेही तो म्हणाला.

मी काही बोललो की तो म्हणतो, “घामातसून सगळा भायर पडता रे दादा, तू उगाच काळजी करतंस.” काजूच्या हंगामात त्याचे मित्र हुर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू) पितात, आणि ती थंड व हलकी असल्यामुळे खेळाडूला चालते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? सामना किंवा सराव आणि मद्य यांच्यात किती अंतर असावे? आणि त्याचा मान न दुखावता हे त्याला कसे सांगावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी कुडाळ परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि कबड्डीपटू माझ्याकडे नेहमी येतात. सर्वप्रथम, छातीतील धडधडीबद्दल त्यांना डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घ्यावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जास्त मद्य घेतल्यानंतर तरुण, धडधाकट माणसाच्याही हृदयाची लय बिघडू शकते आणि ही गोष्ट वैद्यकशास्त्राला १९७८ पासून माहीत आहे.

घामाची समजूत चुकीची आहे. घाम, श्वास आणि लघवी यांवाटे मद्याचा अगदी थोडा भाग बाहेर पडतो. नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृतालाच निकालात काढावा लागतो आणि यकृताचा वेग साधारणपणे ताशी ७ ते १० ग्रॅम असतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे रात्री एक वाजता क्वार्टर संपवणारा खेळाडू सकाळी सहाला किनाऱ्यावर धावायला उतरतो, तेव्हा त्याच्या रक्तात मद्य शिल्लक असू शकते. त्या ६० ग्रॅममधून सुमारे ४२० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तांदळाच्या दोन भाकऱ्यांएवढ्या. पण त्यांचा चढाईला उपयोग नाही, कारण स्नायूंना मद्यार्कापासून ग्लायकोजेन (स्नायूंतील साखरेचा इंधनसाठा) साठवता येत नाही. यकृत आधी मद्याच्या मागे लागत असल्याने चरबी जाळण्याचे काम मागे पडते, आणि वाढलेल्या वजनामागचे एक कारण हे असू शकते.

हुर्राकची गोष्टही तशीच आहे. तिच्यात साधारण १५ टक्के मद्यार्क असतो, त्यामुळे २०० मिलिलिटरचा एक पेला म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम. हे प्रमाण ६० मिलिलिटर व्हिस्कीपेक्षा जास्त आहे. ‘थंड’ म्हणावे तर मद्य मूत्र रोखून धरणाऱ्या संप्रेरकाला दाबते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तीन सामने खेळून घामाघूम झालेल्या शरीरातून उरलेले पाणीही जाते.

आपल्या वहीतील आकडे मला फार मोलाचे वाटतात. मद्यामुळे झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते आणि हृदय रात्रभर जलद चालते, म्हणूनच पहाटेचा ठोका चढलेला दिसतो. स्नायूंच्या दुरुस्तीवरही परिणाम होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ व्यायामपटूंना व्यायामानंतर दर किलो वजनामागे १.५ ग्रॅम मद्यार्क दिला, तेव्हा प्रथिने घेऊनही स्नायूंमधील नव्या प्रथिनांची निर्मिती २४ टक्क्यांनी कमी आढळली. ८० किलोंच्या माणसासाठी हे प्रमाण दोन क्वार्टर होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

घोटा मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस मद्य पूर्ण वर्ज्य करावे, कारण त्याने रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढू शकते. वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर मद्याबरोबर पोटात रक्तस्राव किंवा यकृताला इजा होण्याचा धोकाही असतो. अंतराचे विचाराल, तर सामन्याआधीचे ४८ तास आणि सामन्यानंतरची ती रात्र मद्यापासून मोकळी ठेवावी, असे मी खेळाडूंना सांगतो. सामना संपताच मीठ-साखरेचे पाणी आणि तासाभरात भात, मासे किंवा अंडी असे पोटभर जेवण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे सांगितले आहे, पण आपल्या भावाला आज जागतिक इशाऱ्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या नाडीचा आकडा अधिक पटेल. वही त्याच्याच हातात द्यावी आणि पुढचे तीन आठवडे मद्याविना ठोके त्यानेच मोजावेत.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मी वही त्याच्यासमोर ठेवली. तो बराच वेळ पाने उलटत राहिला आणि नंतर जानेवारीतल्या त्या पानावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो घोट्याचो दिवस मां?” सोमवारी ईसीजी काढायला यायला तो तयार झाला आहे. शनिवारच्या सामन्यानंतर मी दुचाकी घेऊन मैदानाबाहेर थांबणार आहे. आईने त्या रात्रीसाठी बांगड्याचे तिखले करायचे ठरवले आहे. अहवाल आल्यावर इथेच कळवतो.