जगाचं एकच सरकार असावं का? (आणि मग बेळगावचं काय?)

पारावरचा
८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर काँग्रेसने केलेल्या ठरावातलं 'चले जाव' सगळ्यांना पाठ आहे. त्याच ठरावात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा कुणी सांगत नाही: स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ व्हावा, देशोदेशींच्या फौजांची गरज संपावी आणि शांतता राखायला संघाचंच एक सैन्य असावं. स्वतंत्र भारत अशा संघात आनंदाने सामील होईल, असंही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्यांना अटक झाली त्यांनी हे मंजूर केलंय, तेव्हा भाबडेपणा म्हणून उडवून लावू नका.

माझं मत, व्हायला हवं. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला आणि रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. त्या महिन्यात अध्यक्षाच्या खुर्चीतही रशियाचाच प्रतिनिधी! चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बोला.

सीमाभागी
साहेब, आधी बेळगाव सोडवा, मग जगाचं बघू. १९५६ पासूनचं दुखणं आहे. देश एक, घटना एक, सर्वोच्च न्यायालय एक. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, तो आपण नाकारला. २००४ ला महाराष्ट्र कोर्टात गेला, अजून निकाल नाही. वडिलांनी जमवलेल्या कात्रणांची फाईल माझ्याकडे आहे, उघडली की कागदाचा चुरा हाताला लागतो. आपण मागतो त्या ८६५ गावांचा प्रश्न एका घरात सुटत नाही आणि तुम्ही जेरुसलेम नि तैवान एका टेबलावर मांडणार?

पारावरचा
नाही सुटला, मान्य. लाठ्या पडल्या, माणसंही गेली. पण आता काय होतं? एसटीला काळं फासतात, दोन दिवस गाड्या निपाणीच्या अलीकडे थांबतात, तिसऱ्या दिवशी सुरू. कोल्हापूरहून कुणी रणगाडे पाठवत नाही. सरकार म्हणजे भांडण मिटवणारं यंत्र नव्हे हो, भांडणाची फाईल करणारं यंत्र. फाईल कुजते हे खरं, पण माणसापेक्षा फाईल कुजलेली बरी.

पाण्याचंच बघा. कृष्णेसाठी बचावत लवाद बसला, महाराष्ट्र-कर्नाटक-आंध्र अजून कुरकुरतात, पण पाण्याचा हिशोब टीएमसीतच (अब्ज घनफुटांत) चालतो. पाकिस्तानशी केलेला सिंधू पाणीकरार १९६० चा, युद्धांतही टिकला, आणि एप्रिल २०२५ मध्ये एका घोषणेत स्थगित. (बरोबर की चूक हा वेगळा धागा, इथे नको.) फरक एवढाच की कृष्णेच्या वर कुणीतरी बसलंय.

हिशोबी
मतं कशी मोजणार ते सांगा, बाकी राहू दे. माणशी एक मत धरलं तर भारत आणि चीन मिळून तिसऱ्या हिश्शाहून जास्त, युरोप-अमेरिका दारातही उभे राहणार नाहीत. देशागणिक एक धरलं तर दहाएक हजार वस्तीचं तुवालु बेट आणि १४० कोटींचा भारत सारखेच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आजही तसंच आहे. आपल्याकडे कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे अजून १९७१ च्या जनगणनेवर चालतंय, कारण हात लावला की दक्षिण विरुद्ध उत्तर पेटतं. घरचा हिशोब पन्नास वर्षं अडकलाय.

डेकवरून
मी रत्नागिरीकडचा, जहाजावर इंजिनात. तुमचा वाद वाचून गंमत वाटली, कारण आम्ही आधीच सरकारशिवायच्या जगात राहतो. मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा, खलाशी आपले आणि फिलिपिनो. आखातातल्या एका बंदराबाहेर आमच्या मालकाने (नाव नको) हात वर केले. तीन महिने पगार नाही. शेवटी-शेवटी रोज भात आणि चवळी, एसी फक्त रात्री दोन तास, कारण डिझेल संपत आलेलं.

मेसच्या दाराजवळ विम्याचा एक कागद चिकटवलेला असतो, ये-जा करताना कुणी बघतही नाही. २०१७ पासून हा कागद लावणं सक्तीचं आहे, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारामुळे. दोन महिने पगार थकला की जहाज सोडून दिलं असं धरतात, आणि विमा कंपनीला चार महिन्यांपर्यंतचा पगार नि घरचं तिकीट द्यावं लागतं. त्यावरच्या पत्त्यावर आम्ही मेल टाकला. वेळ लागला, पण पैसे आले. ना फौज, ना संसद. कागद नसेल तर बंदरातला इन्स्पेक्टर जहाज अडकवून ठेवतो, आणि अडकलेलं जहाज रोज पैसे खातं. झेंडा कुठलाही असो. असे छोटे-छोटे नियम वाढवा, सिंहासन कशाला?

पारावरचा
झकास. पण जहाज अडवता येतं कारण ते बंदरात येतं. अणुबॉम्ब कुठल्या बंदरात येतो?

वळिवडेकर
आमच्या गावाचं सांगतो. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश लोक होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियाकडे हाकललेलं, सुटका झाल्यावर इराणमार्गे इथे आले. आजी सांगायची, त्या बायका बाजारात यायच्या, मराठीत आकडे म्हणून भाव पाडायच्या. युद्ध संपलं तरी कित्येकांना परत जायचं नव्हतं, तिकडे तीच सत्ता बसली होती. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. आणि त्याच जागेत फाळणीनंतर सिंधी आले. आज जिथे तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जाता ते गांधीनगर.

तुमच्या एकाच सरकारात ही माणसं कुठे गेली असती?

पारावरचा
त्यांना हाकललं तेही एका सार्वभौम सरकारनेच ना? वर कुणी असतं तर अडवलं असतं.

वळिवडेकर
आणि वर तेच हाकलणारं सरकार असतं तर? दुसरं वळिवडं कुठे बांधायचं होतं?