टिटोजवर खापर फोडण्याआधी

तापीकाठ, जळगाव
बागा किनाऱ्यावरच्या टिटोज या नाइटक्लबने गोव्यातले जिवंत संगीत मारले, असे काल येथे ठणकावून लिहिले गेले. सहलीहून परतताच इतिहास लिहायला बसू नये. टिटो हेन्री डिसूझा यांनी ती जागा 1971 मध्ये सुरू केली. गोव्याचे वादक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईची वाट धरत होते, कारण पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांनी मुलांच्या हाती व्हायोलिन दिले तरी त्यावर पोट भरेल इतके काम गावात नव्हते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले, प्यारेलाल यांचे गुरू झाले. कोंकणी गाण्यांचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांचे नावही मुंबईच्या क्लबांतच गाजले. वादक आधी गेले, टिटोज नंतर आले.

धुळेकर नाना
तारखा पाठ आहेत, अभिनंदन. पण गोव्यात राहिलेल्या वादकांना कोणी थारा दिला? हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात गिटारी वाजत, पुढच्या दशकात टेप आल्या. उन्हाने तबकड्या वाकतात म्हणून नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या, कॅसेटा चालल्या. गिटार वाजवणारे गोवा गिल स्वतःच टेप वाजवणारे डीजे झाले, तेव्हा आरंभ टिटोजचा नव्हे, एवढी सूट देतो. डीजेला गादीवर बसवले ते मात्र क्लबांनीच.

चोपड्याचा भाचा
गोव्यासाठी गळे कशाला काढता? आपल्या वरातीत तरी बँड उरला आहे का? माझे मामा क्लॅरिनेट वाजवत. वैशाखात जरीच्या कोटाखाली सदरा अंगाला चिकटलेला, ओठ सुजलेले, तरी नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत सूर सुटत नसे. आता यजमान विचारतो, एवढ्या माणसांना जेवू कोण घालणार? एक डीजे, एक जनरेटर, आणि खिडक्यांच्या काचा थरथरेपर्यंत अहिराणी गाणी.

तापीकाठ, जळगाव
भाऊ, माझेच म्हणणे तुम्ही सिद्ध केलेत. किनारा असो की चोपडा, हिशेब माणसांच्या मजुरीचा आहे. त्यात क्लबमालकाला खलनायक ठरवणाऱ्यांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नात कोणाला सुपारी दिली, तेही सांगावे.

धुळेकर नाना
माझ्या घरच्या लग्नापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. डीजे होता, व्याह्यांचा हट्ट होता.

नंदुरबारची माई
नाना, व्याह्यांना पुढे करू नका. आमच्याकडच्या काठी गावातल्या आदिवासी होळीत ढोल आणि पावरी हे फुंकवाद्य आजही वाजतात, कारण तेथे वाजवणारे भाड्याने आणलेले नसतात. गोव्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले, आणि रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाले. बंदिस्त जागेला सवलत राहिली. ज्याच्याकडे भिंती आणि भांडवल होते, त्याची रात्र चालू राहिली. वाळूत वाजवणाऱ्याची आटोपली. याचा हिशेब तुम्हा दोघांपैकी कोणीच धरला नाही.

धुळेकर नाना
माईंचा मुद्दा घेतो, तापीकाठांचा नाही. दोन दशकांहून अधिक मौनानंतर लॉर्ना 1995 मध्ये पुन्हा गायल्या, त्या रॉनी मोन्सेरात या वादकाच्या आग्रहामुळे. मजुरीचा हिशेब त्यात कुठे बसतो, ते सांगा.