मदत हवी आहे: ग्राहकांच्या राउटरमधून होणारे डीएनएस अँप्लिफिकेशन कसे थांबवावे?

नमस्कार. तालुक्याच्या गावात आमची सुमारे ९०० जोडण्यांची छोटी इंटरनेट सेवा आहे. गेल्या आठवड्यापासून रात्री अकराच्या सुमारास अपलोड अचानक भरून जाते. पॅकेट पकडून पाहिल्यावर असे दिसले की, बाहेरून यूडीपी पोर्ट ५३ वर (डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचे, नेहमीचे पोर्ट) साठेक बाइटांची 'एनी' प्रकारची (नावाच्या सर्व नोंदी मागणारी) विचारणा येते आणि ग्राहकांचे काही जुने राउटर, जे कोणालाही डीएनएसची उत्तरे देतात, तीन हजारांहून अधिक बाइटांचे उत्तर, विचारणेत प्रेषक म्हणून खोटाच घातलेल्या तिसऱ्या पत्त्यावर पाठवतात; हेच डीएनएस अँप्लिफिकेशन. म्हणजे मार त्याला आणि बँडविड्थचे बिल आम्हाला.

बाहेरून ग्राहकांच्या पोर्ट ५३ कडे येणारे यूडीपी सीमेवरच अडवावे, असा विचार आहे. मात्र दोन ग्राहक स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवतात, शिवाय काही जुनी उपकरणे स्वतःची विचारणाही ५३ वरूनच पाठवतात, त्यामुळे त्यांची उत्तरे अडतील अशी धास्ती वाटते. अशा वेळी अडवण्याऐवजी वेगमर्यादा घालणे बरे का?

दुसरे असे की, २००० सालच्या बीसीपी ३८ या इंटरनेट सेवांसाठीच्या शिफारशीनुसार आमच्याकडून खोट्या पत्त्याची पॅकेट बाहेर जाऊ नयेत म्हणून यूआरपीएफ 'स्ट्रिक्ट' (पॅकेट ज्या इंटरफेसवरून आले, त्याच्या प्रेषकाकडे परतीची वाटही तिथूनच नसेल, तर ते टाकून देणारी तपासणी) लावायचे आहे. आमचे अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणारे) दोन असल्याने जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या पडतात. ते केवळ ग्राहकांच्या बाजूच्या इंटरफेसवर लावले तर पुरेल का? प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.