किडनीत ४ मिमीचा खडा निघाला, क्लास १ मेडिकल होईल का?

आकाशवेडा:
मंडळी एक विचारायचं होतं. कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग सुरू करायचंय, त्याला क्लास १ मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) पास व्हावं लागतं, पैसे भरायच्या आधी म्हटलं एकदा सगळ्या टेस्ट करून घेऊ तर सोनोग्राफीत डाव्या किडनीत ४ मिमीचा खडा निघाला. दुखत नाही, लघवीला त्रास नाही, काहीच नाही. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) पण १.३ आलंय, लॅबच्या रेंजच्या जरा वर. एकजण म्हणाला एकदा अनफिट शिक्का बसला की विषय संपला, दुसरा म्हणतो फॉर्मवर लिहूच नकोस, खडा काय आपोआप पडून जातो. कोणाचं ऐकू? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

टेलविंड:
आधी ते शिक्क्याचं डोक्यातून काढ. टेम्पररी अनफिट आणि पर्मनंट अनफिट यात खूप फरक आहे, खड्याच्या केसमध्ये बहुतेक वेळा टेम्पररीच लिहितात, उपचार करून कागद घेऊन गेलास की परत बघतात.

मी युरोपियन लायसन्सवर उडतो तर तिथलं सांगतो. खडा असला किंवा कधी कळ येऊन गेलेली असली तर युरॉलॉजीची पूर्ण तपासणी मागतात. खडा गेला, बाकी सगळं नॉर्मल, तर काही बंधन न घालता फिट. आतच राहिला तर मल्टी पायलट लिमिटेशन, म्हणजे शेजारी दुसरा पायलट असल्याशिवाय उडायचं नाही. पण हे आमच्यासारख्या एअरलाइनवाल्यांना चालतं, तुला ट्रेनिंगमध्ये सोलोचे तास भरायचेत तिथे शेजारी कोणाला बसवणार? त्यामुळे तुझ्या जागी मी असतो तर आधी खड्याचा निकाल लावला असता.

न दुखणाऱ्या खड्यावरून एवढं का ताणतात असं वाटेल, पण तो आज किडनीत गप्प बसलाय, उद्या नळीत सरकला तर काही मिनिटांत धडधाकट माणूस गडाबडा लोळतो आणि हे अप्रोचवर, म्हणजे विमान उतरवायला आणताना, झालं तर काय. त्यात केबिनमधली हवा कोरडी, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली असते, आणि सारखं टॉयलेटला उठायला नको म्हणून आमच्यातले अर्धे लोक पाणीच पीत नाहीत. खडे व्हायला आणखी काय पाहिजे.

वृक्कवाली:
मी नेफ्रॉलॉजीत (किडनीच्या आजारांच्या विभागात) आहे, पायलटांचं मेडिकल करणारी नाही, तेवढं धरून वाचा.

सोनोग्राफीतल्या ४ मिमीवर फार विसंबू नका, छोट्या खड्यांचं माप त्यात नीट येत नाही, कधी कधी खडा नसतोच. लो डोस सीटी करा, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) न देता. त्यात खडा नक्की कुठे आहे ते पण कळेल, लघवी साठते त्या पोकळीत सुटा आहे की किडनीच्या मांसात नुसतं कॅल्शियम साचलंय, कारण मांसातलं सरकत नाही. सोबत कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड आणि २४ तासांची लघवी तपासून घ्या. एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहाएक वर्षांत परत होतो, त्यामुळे मेडिकलवाले कारण विचारतातच.

आता १.३ चं. जिमला जाता का? प्रोटीन पावडरीसोबत क्रिएटिन घेताय का? अंगात मसल जास्त असला किंवा क्रिएटिन चालू असलं तर किडनी उत्तम असूनही हा आकडा वर येतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ताची टेस्ट करा, त्यावर मसलचा असा परिणाम होत नाही. आणि लघवीच्या टेस्टच्या आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम नको, त्याने पण प्रोटीन आणि रक्त दिसू शकतं. सँपल सकाळचं पहिलं द्या, काही तरुण मुलांना दिवसभर उभं राहिल्यावर प्रोटीन जातं आणि सकाळी निल असतं, त्याला काही अर्थ नसतो पण कागदावर एक प्लस आला की पुढे उगाच फेऱ्या.

एका_किडनीवर:
बहिणीला किडनी दिली आहे, क्लास २ वर (खासगी पायलटचं मेडिकल) हौसेने उडतो. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटना) अनेक्स १ मध्येच, म्हणजे लायसन्सच्या नियमांतच, आहे की एक किडनी काढलेला माणूस अनफिट, पण दुसरी नीट भार उचलत असेल तर नाही. मला बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वेळोवेळी दाखवावं लागतं, बास. ट्रान्सप्लांट झालेल्यांनाही युरोपात निदान १२ महिन्यांनी, औषधं कमीत कमी असतील आणि सोसत असतील तर त्या मल्टी पायलट अटीवर विचारात घेतात. डायलिसिसवर मात्र नाही. आणि तू ४ मिमीला घाबरतोयस 😄

रनवे_२७:
सगळं पुस्तकात ठीक आहे हो, पण सांगितलं की सहा महिने फाइल फिरत बसते. नाही लिहिलं तर कोण बघायला येतंय?

टेलविंड:
@रनवे_२७ असले सल्ले नका देऊ राव. पोरगं कळ येऊन हॉस्पिटलात गेलं की तिथल्या कागदावर जुना खडा लिहिला जाणार, मग खड्याचा प्रश्न बाजूला आणि खोटं लिहिल्याचा प्रश्न उभा. अमेरिकेत मेडिकलच्या फॉर्मवर मुद्दाम खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मेडिकलच काय, लायसन्ससुद्धा जाऊ शकतं. गंमत म्हणजे तिथल्याच एफएएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या रेग्युलेटरकडे, काही आजारांची यादी आहे, ठरलेल्या अटींत बसलात तर तपासणारा डॉक्टर तिथल्या तिथे सर्टिफिकेट देतो, त्यात आत राहिलेला किडनीचा खडा आहेच, क्रॉनिक किडनी डिसीज पण आहे. मग लपवायचं कशाला? प्रत्येक देशाचं थोडं वेगळं असतं, आकाशवेडा, तू तुझ्या रेग्युलेटरचं मॅन्युअल उघड आणि किडनीचा भाग वाच.

आकाशवेडा:
थँक्स सगळ्यांना. ताई, क्रिएटिन घेतो, रोज. सीटीची अपॉइंटमेंट घेतली. खडा खरंच निघाला तर फोडून घ्यावा की पाणी पिऊन वाट बघावी?

वृक्कवाली:
क्रिएटिन बंद करा आणि दोनेक आठवड्यांनी रक्त परत द्या. फोडायचं की नाही ते सीटी बघून युरॉलॉजिस्ट ठरवतील, पण त्यांना पायलट व्हायचंय हे पहिल्याच वाक्यात सांगा, एरवी एवढा खडा ते नुसता लक्ष ठेवून सोडून देतील. फोडून घेतलात तर नंतरच्या सीटीत एकही तुकडा राहिला नाही हे लिहून घ्या. पाणी इतकं प्या की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, अडीच लिटर पाणी नव्हे. आणि खडा पडायला म्हणून टॅमसुलोसिन दिलं तर ते चालू असताना मेडिकलला जाऊ नका, उभं राहताना चक्कर येऊ शकते त्याने.

आकाशवेडा:
ओके ताई. सीटीचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.