मदत हवी आहे: ओढ्यात सॅमन आणि सी ट्राउट वाढवायचे आहेत, हॅचरी काढावी की ओढा सुधारावा?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या खोऱ्यात राहतो. आमच्या गावाजवळचा ओढा साउथ टाइन या तिच्या शाखेला मिळतो. नोव्हेंबरात सॅमन आणि सी ट्राउट हे समुद्रात वाढणारे मासे अंडी घालायला त्यात वर चढायचे, असं जुनी माणसं सांगतात. आता क्वचितच दिसतात. गावातल्या आमच्या गटाला थोडा निधी मिळण्याची शक्यता आहे, अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि पैसा कशावर घालावा यावरून दोन तट पडलेत.

एका तटाला छोटी हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र, काढून दरवर्षी बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडायच्या आहेत. ते दाखला देतात नॉर्थ टाइन या दुसऱ्या शाखेवरच्या कील्डर धरणाचा. धरणामुळे नॉर्थ टाइनच्या वरच्या भागातल्या अंडी घालायच्या जागा गेल्या, त्याची भरपाई म्हणून तिथे 1978 पासून हॅचरी आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस टाइनमध्ये गळाला सॅमन लागणं जवळपास थांबलं होतं, आणि आज हीच नदी इंग्लंडमधल्या सर्वांत चांगल्या सॅमन नद्यांत गणली जाते. म्हणजे हॅचरीने नदी वाचवली, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. न्यूकॅसलजवळच्या खाडीत घरांचं नि कारखान्यांचं सांडपाणी थेट पडायचं. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू इतका कमी व्हायचा की समुद्रातून येणाऱ्या माशांना खाडी ओलांडताच येत नसे. सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि वाट मोकळी झाली. मासे हॅचरीच्या आधीपासूनच परतू लागले होते. पुढे झालेल्या अभ्यासातही हॅचरीचा वाटा दुय्यमच ठरला. वेल्सने तर 2014 मध्ये सॅमनचं बीज (हॅचरीतली पिल्लं) सोडणं बंद करायचा निर्णय घेतला. अमेरिकेतल्या हूड नदीत सॅमनच्याच कुळातल्या स्टीलहेड ट्राउटवर झालेलं काम 2007 साली प्रसिद्ध झालं. त्यात हॅचरीत वाढलेल्या दर पिढीमागे निसर्गात प्रजननाची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली आढळली.

आमच्या ओढ्याची दुखणी डोळ्यांना दिसतात. पडीक गिरणीचा बंधारा आहे. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड पाण्यापासून इतकं उंच आहे की खाली डोह नसल्याने माशाला उडीच घेता येत नाही. गुरं काठ तुडवतात आणि माती पाण्यात येते. सॅमनची मादी खडी उकरून त्यात अंडी पुरते. हिवाळाभर त्या खडीतून पाणी खेळतं राहिलं तरच ती जगतात. गाळ बसला की गुदमरतात. मग बोटुकल्या सोडून काय होणार? त्या मोठ्या होऊन परतल्या तरी अंडी घालणार कुठे? काठाला कुंपण, आल्डर आणि विलोची सावली, मोरीची दुरुस्ती यावर पैसा घालावा असं मला मनापासून वाटतं. 2023 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त ठरवलाय, चुकीच्या कामात वर्षं घालवणं परवडणार नाही.

अडचण अशी की हॅचरीची फळं मोजून दाखवता येतात, इतक्या हजार बोटुकल्या सोडल्या म्हणून. ओढा सुधारल्याचं माप काय दाखवू? शिवाय सी ट्राउट आणि ओढ्यातच राहणारा ब्राउन ट्राउट ही एकच जात, पिल्लं बघून ओळखता येत नाहीत. आणि हॅचरीवाल्या ज्येष्ठांना न दुखावता हे कसं मांडावं? त्यांची तळमळ खरी आहे.

कृष्णाकाठ: त्यांना आपल्याकडच्या नद्यांतल्या महसीर माशाची गोष्ट सांगा. लोणावळ्याच्या हॅचरीत महसीरचं बीज तयार करायचं तंत्र बसलं, ते काम मोठंच. पण निळ्या परांचा तो महसीर 1970च्या दशकापासून कावेरीत सोडला गेला आणि तिथे फोफावला. कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मात्र घटत गेला, 2018 मध्ये अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. बाहेरच्या बीजाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. हेतू चांगलाच होता, हे आवर्जून सांगा, मग ऐकतील.

व्हँकुव्हरकर: आधी मोजणी, मग काम. या हिवाळ्यात काठाने चालत जाऊन खडीतली उकरलेली घरटी मोजा. सी ट्राउट आकाराने मोठा, त्याचं घरटंही मोठं. तेवढा अंदाज पुरतो. उन्हाळ्यात विजेच्या सौम्य झटक्याने पिल्लांची गणती करता येते, पण त्याला परवानगी लागते, तज्ज्ञच बोलवा. शेजारचा हात न लावलेला एखादा ओढाही मोजा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुम्ही घ्याल. अडथळे खालून वर काढत जा. खालचा बंद असताना वरची मोरी दुरुस्त करून उपयोग नाही.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. घरटी मोजायचं अर्जात घालतो, त्या कामाला ज्येष्ठांनाच पुढे करतो. ओढा त्यांच्याइतका कोणालाच माहीत नाही. आता बंधाऱ्याचं विचारतो, कारण सगळ्यांत खाली तोच आहे. त्यामागे बराच गाळ साठलाय. एकदम फोडला तर खालच्या खडीवर बसेल. खडीत अंडी-पिल्लं नसतात त्या उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने उतरवावा असा विचार आहे. असा छोटा बंधारा कोणी काढलाय का? गाळ आधी उपसला की पाण्यालाच नेऊ दिला?