प्रतिसाद: पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर?

तरुणांना हवामानबदलात रस नाही, असं एका लेखात म्हटलंय. मला नाही पटलं. नाशिकच्या तपोवन भागातली झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून तिथली कॉलेजची मुलं-मुली रस्त्यावर उतरलीच की!

पण नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडे बघा. पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात पाड्यावरची विहीर तळाला. हंडा मात्र बाईच्या किंवा पोरीच्याच डोक्यावर, मग शाळा बुडते तीही तिचीच. म्हणून हवामान आणि स्त्री-पुरुष समानता हे दोन वेगळे विषय नाहीतच.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलींनी तिथे पाण्याचा हिशेब मागावा. आणि हो, मुलांनीही हंडा उचलावा, रोज.